‘मेमरी ती मेमरी’ म्हणणारे आमचे दाजी

आज दाजींना जाऊन वर्ष झालं. मला ते कधीच आवडले नाहीत.

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. सकाळपासून सगळे बोलतायत चांगलं. मी एकटी नाही बोलले तर काही अडणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, शालनताईचे मिस्टर. तिसगावात त्यांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, चर्चच्या नाताळच्या पुस्तिका.

टायपिंग ताई करायची. डिझाईन ताई करायची. प्रूफही तीच बघायची.

दाजी काउंटरवर बसून चहा मागवायचे आणि येईल त्याला कॉम्प्युटर समजावून सांगायचे.

ऐकणाऱ्याला काही कळायचं नाही. सांगणाऱ्यालाही.

एका लग्नसराईत कॉम्प्युटरनं मान टाकली. फ्लेक्सची मोठी फाईल उघडली की जागच्या जागी हँग. ताई म्हणाली, रॅम, म्हणजे मेमरी, वाढवू या. मी सुट्टीला तिच्याकडेच होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

"आधी खोलून बघा. आत डीडीआर-थ्री आहे. नवी पण तसलीच लागेल, आपल्या मदरबोर्डाला दुसरी चालत नाही," ताई म्हणाली.

दाजी हसले. ते हसणं ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

"तू पत्रिकेतल्या वेलांट्या बघ. मेमरी ती मेमरी. त्यात काय बघायचं?"

नगरला गेले आणि डीडीआर-फोर घेऊन आले.

का? तर चार हे तीनपेक्षा मोठं असतं. एवढाच अभ्यास.

आता, रॅमच्या पट्टीला खालून एक खाच असते. बोर्डावरच्या खोबणीत तेवढाच एक उंचवटा असतो. खाच त्या उंचवट्यावर आली तरच पट्टी आत जाते. चुकीची पट्टी कुणी बसवू नये म्हणून ही सोय.

सोय करणाऱ्यांनी दाजी पाहिले नव्हते.

"अहो, बसत नाहीये ती. दाबू नका."

"नवीन हाय, म्हणून टाईट हाय."

दोन्ही अंगठे लावून दाबली. कट्ट असा आवाज आला.

"बसली बघ!"

खोबण तडकली होती. त्यांनी तसंच बटण दाबलं. जळका वास आला आणि स्क्रीन काळी ती काळीच.

इथपर्यंत मी सोडून दिलं असतं. एखाद्याला एखादी गोष्ट येत नाही, ठीक आहे.

पण तेवढ्यात एक गुरुजी आले. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला. दाजींनी श्वासही घेतला नाही.

"काय सांगू गुरुजी, बायकोनं चहा सांडला हो मशीनवर. लई सांगतो जपून वापर म्हणून. ऐकतच न्हाई."

ताई तिथंच उभी होती. स्क्रू ड्रायव्हर हातात.

मी तोंड उघडलं. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

गुरुजी तिला म्हणाले, "वहिनी, जरा लक्ष देत जा. पोरीचं लग्न तोंडावर आलंय माझ्या."

ती "हो" म्हणाली. फक्त "हो".

त्यानंतर बाजारात जो भेटेल तो तिला चहावरून बोलायचा. काहींनी तर पत्रिकांचं काम उचलून पाथर्डीला नेलं. हिच्याकडे दिलं तर वेळेत होईल की नाही, म्हणून.

ताई माझ्याबरोबर एसटीनं नगरला आली. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली जुनी रॅम, मोबाईलमध्ये मेलेल्या बोर्डाचे फोटो. दुकानदारासमोर रुमाल सोडला आणि म्हणाली, "हीच जात हवी. खाच इथंच. स्पीड पण हाच. आणि बोर्ड ह्याच मॉडेलचा, वापरलेला चालेल."

तिला धाकधूक होती. दुकानदाराला तीन-तीनदा विचारलं, "जुनी आणि नवी जोडीनं चालतील ना?" त्यानं दोन्ही पट्ट्या लावून, चालू करून दाखवल्या, तेव्हा कुठं पैसे दिले.

परत जाऊन सगळं स्वतः जोडलं. स्क्रीन लागली. हार्ड डिस्क शाबूत होती. गुरुजींची पत्रिका, चर्चचं काम, सगळं जागेवर.

तेव्हा ताई रडली. चहाच्या बोलण्यांवर नाही, तेव्हा.

संध्याकाळी दाजी काउंटरवर सांगत होते, "दिवसभर खपलो, तवा कुठं चालू केला."

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. ताई म्हणाली, गाडी बोलावते, नगरला दवाखान्यात जाऊ. म्हणाले, "पित्त हाय. माझं शरीर मला म्हाईत न्हाई व्हय?" सोडा प्यायले आणि आडवे झाले. पुन्हा उठले नाहीत.

माझ्या बहिणीचं एकदा तरी ऐकलं असतं तर माणूस आज जिवंत असता. मी त्यांच्या तोंडावर त्यांचा राग केला असता. तो बरा. फोटोवर राग करता येत नाही धड.

आज चर्चमध्ये स्मरणाची प्रार्थना झाली. ताईचे डोळे रडून सुजले होते. नवरा होता तिचा. मला ते कळतं. पटत नाही.

बाहेर मोठा फ्लेक्स. ‘तिसगावचे संगणकतज्ज्ञ प्रभूच्या घरी.’ मजकूर दाजींच्या भावांचा.

डिझाईन ताईचं.

मी तिला बाजूला घेतलं. "हे टाइप कसं केलंस गं तू?"

"गिऱ्हाइकानं दिलेला मजकूर आहे. आपण बदलायचा नसतो."

मग फ्लेक्सची सुटलेली दोरी बांधता बांधता म्हणाली,

"तज्ज्ञमधला अर्धा ज तेवढा मी घातला. त्यांनी ‘तज्ञ’ लिहून दिलं होतं."

दाजी, श्रद्धांजली वाहते.

भावपूर्ण म्हणवत नाही.