सिस्टरबाईंना अर्धवट बोलणं चालत नसे

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाईंना अर्धवट बोलणं चालत नसे. एखादी बाई तोंडाला पदर लावून "तिकडं दुखतंय" म्हणाली, की त्या खणखणीत आवाजात विचारायच्या, "तिकडं म्हणजे राहुरीला का?" मग ती बाई लाजत, हसत नीट सांगायची.

बाई नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. पांढरं पातळ नेसून सायकलवरून वाड्यावस्त्यांवर फिरायच्या.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मी सातवीत होते. पाटाच्या कडेनं शाळेतून येताना नववीतल्या किसननं माझी वाट अडवली आणि हात धरला. "सोड" म्हणून मी ओरडले, तरी सोडेना. शेवटी त्याच्या मनगटाला चावून मी पळाले. घरी कळताच वडिलांनी, म्हणजे आबांनी, माझं दप्तर फडताळात टाकलं. "बास झाली शाळा," म्हणाले. किसनला त्याच्या बापानं झोडपलं. प्रकरण मिटलं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरबाई आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. आबांशी बोलण्याआधी माझ्याकडं वळल्या. "तुला काय पाहिजे?"

तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. "शाळा," मी म्हणाले.

"ऐकलंत ना भाऊ? चूक त्यानं केली आणि शाळा हिची बंद केलीत."

आबांनी आत जाऊन फडताळातलं माझं दप्तर आणलं. मग म्हणाले, "जाऊ द्या तिला, बाई."

पुढं त्या किसनशी बोलल्या. घोडेगावच्या बाजाराला जनावरं घेऊन जाताना मोठ्या माणसांच्या गप्पा त्याच्या कानावर पडत. पोरगी नाही म्हणते ती उगाच, हे तो तिथंच शिकला होता. बाई मला म्हणाल्या, "मारानं तो भ्याला. समजलं मात्र काहीच नाही. ते आपल्यालाच समजवावं लागणार."

आठवड्यानं, मला आधी विचारून, त्यांनी त्याला आमच्या दारात आणलं.

"चूक झाली," तो पुटपुटला.

"कुणाची? पुरतं बोल."

"माजी. तिनं सोड म्हटलं हुतं. मी सोडलं न्हाई."

मी काही बोलले नाही. बाईंनीही बोलायला लावलं नाही.

मग त्यांनी हेडमास्तरांचं मन वळवलं आणि दर शनिवारी मोठ्या मुलांचा तास घ्यायला सुरुवात केली. वयात येणं म्हणजे काय, मनात येईल ते सगळं करायचं नसतं, समोरची नाही म्हणाली की थांबायचं. पोरं खिदळायची. त्यांचं हसू संपेपर्यंत बाई शांत उभ्या राहायच्या. हळूहळू पोरं चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहून देऊ लागली. आमची वाट पुन्हा कुणी अडवली नाही. किसनही कधी माझ्या वाटेला गेला नाही. पुढं नागापूरच्या कारखान्यात कामाला लागला.

दोन वर्षांनी बाईंची बदली झाली. एसटीच्या पायरीवर थांबून त्यांनी मला विचारलं, "किसनचा अजून राग येतो?"

खरं सांगावं की नाही, मला कळेना. "येतो," मी म्हणाले.

"येऊ दे. तो गेलाच पाहिजे असं काही नाही. आणि भीती?"

"भीती न्हाई वाटत."

बाई मोकळं हसल्या आणि आत जाऊन बसल्या.