वेंडेलच्या गाडीतलं तिसरं माणूस

बावीस वर्षं वेंडेल कॉब परक्यांच्या गाड्यांतून कामावर गेला. वॉशिंग्टनबाहेरच्या डेल सिटीच्या वाहनतळावर पहाटेपासून रांग लागायची. कुणीतरी चालक यायचा, काच खाली करून "पेंटागॉन, दोघं!" असं ओरडायचा आणि पुढचे दोघे मुकाट्याने आत बसायचे. गाडीत तीन माणसं झाली की चालकाला मोकळी लेन मिळे, बसणाऱ्यांना फुकट प्रवास. चालक बोलला तरच बोलायचं, एवढं पाळलं की झालं. वेंडेल बिचारा मागे बसून डुलक्या काढी. रस्त्याच्या भानगडी त्याने कधी डोक्यात घेतल्याच नाहीत.

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी मात्र गाडी त्यालाच चालवायची होती. शेजारी बायको, मार्लीन. साडेसातला तिला वॉशिंग्टनच्या इस्पितळात हजर व्हायचं होतं, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी. वेळ चुकली तर पुढची तारीख दोन महिन्यांनी, आणि घरचा जिना चढताना ती आताच तीनदा थांबत होती.

"हे बटण कुठल्या बाजूला करायचं?" टोल आपोआप कापणारी डबी उलटसुलट करत वेंडेल म्हणाला. "तिघं असले की फुकट, दोघं असले की पैसे. इथवर कळलं. पण अर्ध्या वाटेनंतर दोघांना पैसे भरूनही जाऊ देत नाहीत म्हणे."

"मग तिसरा घे की."

"तुला धरून तिसरा की सोडून?"

"मला माणसांत धरायचं बंद केलंस का रे?" मार्लीन हसली आणि तिला धाप लागली.

रांगेपाशी येऊन वेंडेल रोज ऐकलेलं तसंच "पेंटागॉन, एक!" म्हणाला, तेही इतक्या हळू की कुणी हललंच नाही. दुसऱ्यांदा ओरडल्यावर ओटिस ग्रिम्सली पुढे आला. पंधरा वर्षं याच रांगेत वेंडेलशी फुटबॉलवरून तावातावाने भांडणारा ओटिस आज मागे बसला, पट्टा लावला आणि खिडकीबाहेर बघू लागला. चकार शब्द नाही. याला राग आला की काय? मग वेंडेलच्या लक्षात आलं, आज चालक आपण आहोत.

"अरे, बोल की बाबा!"

"तुझं बटण उलट्या बाजूला आहे," ओटिस म्हणाला.

मार्लीनने मग त्याला इस्पितळाचं सगळं सांगितलं. पेंटागॉनचा फाटा दिसायला लागला तेव्हा कुठे वेंडेलच्या डोक्यात प्रकाश पडला. ओटिस इथे उतरणार. मग गाडीत दोघंच, आणि तीन माणसांची लेन तर वॉशिंग्टनच्या पुलाच्या पलीकडपर्यंत! बाजूच्या रस्त्यावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या. सात वाजून गेले होते. वेंडेलने वळायचा दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला.

"सरळ," मागून ओटिस म्हणाला.

"अरे, पण तुझा थांबा?"

"सरळ म्हटलं ना. तिसरं डोकं कुठून आणणार आहेस?"

"साहेब ओरडेल तुझ्यावर."

"रोजच ओरडतो. तू समोर बघ."

मार्लीनने हात मागे केला. ओटिसने तो धरला आणि पूल संपेपर्यंत सोडला नाही. वेंडेलचे डोळे भरून आले. काहीतरी म्हणायला हवं होतं. पण त्या रांगेच्या रिवाजात आभार मानतो तो उतरणारा. चालवणाऱ्याने काय म्हणायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

सात वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी इस्पितळाच्या दारात थांबली. ओटिस उतरला, त्याने मार्लीनसाठी दार उघडून धरलं, आणि वेंडेल तोंड उघडणार तोच ओटिस सवयीने म्हणाला, "आणून सोडल्याबद्दल थँक्यू हं."