माझ्या वाट्याचा डावा ग्लोव्ह

परवा भाचीबरोबर मुलुंडच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिला जिमसाठी ग्लोव्हज हवे होते. भिंतभर जोड्या टांगलेल्या आणि पोरगी अर्धा तास रंगातच अडकलेली... शेवटी मीच एकेक जोडी काढून आतून उलटी करून बघायला लागले, तर म्हणते, "मावशी, तुला काय कळतं यातलं?"

बाई गं, यातलंच तर कळतं.

ऐंशीच्या दशकातलं घाटकोपर. बाबांची गिरणी बंद पडलेली आणि घर चालत होतं आईच्या हातावर. ती साड्यांना फॉल लावून द्यायची, मी तिच्या हाताखाली बसायचे. आणि मला पोलिसात जायचं होतं.

भरतीच्या मैदानी चाचणीत गोळाफेक होती. चाळीतली माझी मैत्रीण कुंदा, मूळची मालवणकडची, तिनेही फॉर्म भरलेला. कोच वगैरे आमच्या स्वप्नातही नव्हता. तेलाच्या रिकाम्या डब्यात रेती भरायची, तारेची कडी लावायची आणि ज्या हाताने गोळा फेकायचा त्याच हातात तो डबा धरून रोज सकाळी मागची टेकडी चढायची. मग खाली मैदानात गोळा.

महिन्याभरात तळहाताची वाट लागली. आधी फोड, मग घट्टे, मग घट्ट्यांची खरखरीत सालं... मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट थोडा माजच होता. एका दुपारी एका बाईंची गुलाबी रेशमी साडी हाताने सारखी करत होते आणि साल धाग्यात अडकलं. सर्रकन एक धागा ओढला गेला.

आईने सुईच्या टोकाने तो धागा कसाबसा आत घेतला. साडी वाचली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुन्हा असं झालं ना, तर तो डबा बंद. भरती पण बंद." तिचं काही चूक नव्हतं. एक साडी फुकट गेली असती तर कोणीच आमच्याकडे साड्या दिल्या नसत्या.

त्यात तो हात डावा. मी जन्माची डावखुरी. लिहिणं, जेवणं, टाका घालणं सगळं उजव्याने, हे आईने फटके देऊन शिकवलं होतं. प्रसादासाठी डावा पुढे आला की चारचौघांत चापट बसायची. फेकायला मात्र मला कोणी शिकवलं नाही, म्हणून ते तेवढं डाव्याने राहिलं.

मग ग्लोव्हजची शोधाशोध सुरू झाली, कारण डबा बंद करायचा नाही हे मी ठरवलं होतं. आधी जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली, ती कडीवरून सरकायची. धुण्याभांड्याचे रबरी मोजे आणले, आत घामाने हात उकडून निघाला. शेजारच्या वेल्डर काकांनी आपले जुने दिले, त्यात माझे दोन हात मावले असते...

शेवटी कुंदा आणि मी स्टेशनजवळच्या स्पोर्ट्सच्या दुकानात गेलो. तिथे एक चकचकीत जोडी होती, तळव्याला जाड स्पंज लावलेली. मी ती उलटी केली तर आतली शिवण नेमकी बोटांच्या मुळाशी, म्हणजे फोड येणार तिथेच. दुसरी जोडी साध्या मऊ चामड्याची, अर्ध्या बोटांची, दिसायला गरीब. पण शिवण सगळी बाहेरच्या बाजूला. दुकानदार वैतागला होता, पण शिवणकामाच्या घरातल्या मुलीला शिवण कशी बघायची हे त्याने मला सांगायचं कारण नव्हतं.

हीच हवी होती. आणि हीच परवडत नव्हती. मला नाही, कुंदालाही नाही. सुटा एक द्या म्हटलं, तर तो हसला.

आम्ही पायरी उतरलो. मला रडू येत होतं... आणि कुंदा एकदम थांबली.

"अगो, आपणाक दोन-दोन होये कशाक? तू डावरी, मी उजवी."

आम्ही तशाच मागे फिरलो. एक जोडी, दोघींत. आयुष्यात पहिल्यांदा माझं डावखुरं असणं कोणाच्यातरी कामी आलं होतं. कुंदाच्या रुंद हाताच्या मापाने घेतलेला ग्लोव्ह मला सैल होत होता, म्हणून घरी येऊन मनगटाशी एक चुणी घातली. उजव्या हाताने, अर्थात.

आई ते बघत होती. मग रोज संध्याकाळी साडी हातात देण्याआधी माझा डावा तळवा स्वतःच्या गालावरून फिरवून बघायची. एकदाही परत धागा ओढला गेला नाही.

चाचणीत ग्लोव्ह चालणार नव्हता, त्यामुळे शेवटी शेवटी तो फक्त डब्यापुरता आणि गोळा उघड्या हाताने, असा नेम ठेवला. चाचणीच्या सकाळी देवाला नमस्कार केला. आई दहीसाखर घेऊन आली. मी सवयीने उजवा हात पुढे केला.

"तो नको," आई म्हणाली. "ज्याने फेकणार तो दे."

आणि तिने माझ्या डाव्या तळव्यावर दही घातलं. देवासमोर, भरल्या घरात... मी ते तिथेच, डाव्याच हाताने खाल्लं. कोणी चापट मारली नाही.

त्याच भरतीत लागले. कुंदा पुढच्या भरतीत. आता दोघीही निवृत्त आहोत, आणि माझ्याकडे डावा, तिच्याकडे उजवा, अजून तसेच आहेत.

भाचीला शेवटी साधे, बाहेरून शिवलेलेच घेऊन दिले. आईने त्या हाताला दिलेले सगळे फटके मात्र मी त्याच सकाळी, तळवा चाटता चाटता, माफ करून टाकले होते.