पडद्याची दोरी

आमच्या शहरातल्या त्या प्रसिद्ध नाट्यगृहाचा इतिहास छापून आला आहे. कोनशिला कोणी बसवली, आग कधी लागली, कोणकोणते नट तिथे गाजले, सगळं त्यात आहे. माझ्या मामाचा मात्र एका ओळीतही पत्ता नाही, याचा मला अजून राग येतो. अडतीस वर्षं तिथला पडदा त्याने ओढला. विनोदी नाटकाला झपकन, रडवणाऱ्या नाटकाला हळूहळू. तळहातांना घट्टे पडले होते.

पण इतक्या वर्षांत त्याने एकही नाटक समोर बसून पाहिलं नव्हतं. मामी पासावर यायची आणि एकटीच बसायची. रिटायर झालो की तुझ्या शेजारी बसेन, हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते.

मामा रिटायर झाला, दोरीच्या जागी मोटर आली आणि दोनच वर्षांत नाट्यगृह पाडायचं ठरलं. तोवर मामीच्या आजाराने उचल खाल्ली होती. शेवटच्या प्रयोगाचे दोन पास घरी आले, तेव्हा डॉक्टर नको म्हणाले. मामीने कोणाचं ऐकलं नाही. मीच दोघांना रिक्षाने नेलं आणि त्यांच्या मागच्या रांगेत बसलो.

नाटक जुनंच होतं. मामा नवरदेवासारखा अवघडून बसला होता, मामीने त्याचा हात धरला होता. शेवटच्या प्रवेशात नायिकेचं ते वाक्य आलं आणि मामा ताडकन उठला. इतकी वर्षं याच वाक्याला तो दोरीला हात घालायचा. अंधारात बाजूच्या दाराने तो थेट विंगेत पोचला. तिथे दोरी नव्हतीच. परत आला तेव्हा दिवे लागले होते आणि मामी त्याच्या रिकाम्या खुर्चीवर हात ठेवून बसली होती.

ती चिडली नाही. रिक्षात धापा टाकत तिने त्याला नाटकाचा शेवट सांगितला. मामा मान खाली घालून ऐकत होता.

पुढच्याच महिन्यात तिला हॉस्पिटलात हलवावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी नर्सने हळूच सांगितलं, की आता फार वेळ नाही. मी मामाला म्हटलं, तुला बघवणार नाही, जरा बाहेर चल, सकाळपासून पोटात काही नाही, चहा तरी घे.

मामीचा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता.

"या वेळी नाही उठणार मी," तो म्हणाला.

मामी गेली ती संध्याकाळी. त्यानंतरही बराच वेळ नर्सला त्याच्या हातांतून तिचा हात सोडवता आला नाही.