आत्याबाईंच्या अंगातली देवी

फाट्यावर एसटी आली तेव्हा माझ्या पदराची गाठ सासूबाईंच्या पदराला मारलेली होती. गावातले टवाळ म्हणाले, हिनं दुसरं लग्न लावलं. धाकटे दीर विहिरीत बुडून गेल्यापासून आत्याबाई, सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणे, त्यांना शोधायला उठून कुठंही चालू लागत, म्हणून ती गाठ. निरोप द्यायला आलेली माझी आई कानाशी लागून म्हणाली, "तिकडं कुणापाशी बोलू नकोस. घरातलं उंबऱ्याच्या आत."

गावात राहिलेल्या जावांनो, आणि माझ्यासारखं गाठोडं उचलून निघालेल्या बायांनो, आईचं ते वाक्य मी किती हुशारीनं पाळलं ते ऐका.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना निघाला होता आणि आमच्या ह्यांना तिथं काम लागलं. निर्वासितांच्या कँपाला लागून, रेल्वेच्या रुळांजवळ पत्र्याची एक खोली मिळाली. हे शिफ्टला गेले की खोलीत आम्ही दोघीच. आत्याबाई भिंतीशी बोलत, ताट भिरकावत, रात्र रात्र येरझाऱ्या घालत. ह्यांना सांगावं तर म्हणत, "आई दमलीय, दुसरं काही नाही." दमले मी होते. केस विंचरायला फुरसत नव्हती.

शेजारणी विचारू लागल्या. वेडी म्हणावं तर घराण्याची अब्रू जाते. तेव्हा अठरा वर्षांच्या, आठवी पास शहाणीनं सांगून टाकलं, की आमच्या आत्याबाईंच्या अंगात येतं.

झालं. मंगळवारी दाराशी नारळ. मुलगा कारखान्यात चिकटेल का, सून नांदेल का? आत्याबाई एकच शब्द पुटपुटत, "विहीर." मी अर्थ लावून देई : पाणी लागेल, पाळणा हलेल. एकीला तर नळ येईल म्हणून सांगितलं, आणि मेला खरंच आला. मग काय विचारता! गावच्या भगतानं माझ्याकडं शिकवणी लावली असती.

एका मंगळवारी दुपारी बायकांनी देवीला न्हाऊ घालायचं ठरवलं. मी नाही म्हणाले नाही. कशी म्हणणार, देवी मीच आणलेली. पहिली घागर डोक्यावर ओतली आणि आत्याबाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आजही विसरले नाही. पोराच्या नाकातोंडात गेलेलं पाणी त्यांच्या नाकातोंडात गेलं होतं. बायकांना ढकलून त्या ओलेत्या रुळांकडे पळाल्या. देवीचं वारं सुटलं म्हणून बायकांनी हात जोडले.

मी उंबऱ्यात बसून राहिले. पाय गळाले, असं ह्यांना सांगितलं. पाय धड होते. मनात आलं होतं, गाडी येऊ दे.

कँपातली लाजोबाई पापड वाळत घालत होती. ती धावली. आत्याबाईंना तिनं हाताला धरून परत आणलं, स्वतःच्या ओढणीनं त्यांचं डोकं पुसलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "देवी नाही ही. बीमार आहे. माझा भाऊ असाच होता, फाळणीत इकडे येताना वाटेत राहिला. तू सो जा, मी बसते."

मी झोपले. दिवेलागणीपर्यंत. लग्नानंतर पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी तासभर पापडाचं पीठ घेऊन येऊन बसू लागली. शेजारणींना मी खरं सांगितलं. दोघी रागावल्या त्या कायमच्या, एकजण मात्र शनिवारी बसू लागली. आत्याबाई काही बऱ्या झाल्या नाहीत. सहा वर्षं विहीर विहीर करत राहिल्या आणि तशाच वारल्या. लाजोबाईला सगळं सांगितलं, पण उंबऱ्यात बसून मनात काय आलं होतं ते नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

आता पत्र्याची खोली नाही, कँपात दुकानं झालीत, नातवंडं विचारतात, आजी तुझं घर कुठलं? गावाचं नाव तोंडावर येतं. पण डोळ्यांपुढे ती दुपार येते, जेव्हा कुणी परकी बाई म्हणाली होती, मी बसते.