फक्कीने आखलेलं घर

माझ्या गाइड मॅडमनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मी उभीच होते. "बस," त्या म्हणाल्या. मला वाटलं, रेकॉर्डिंग खराब आलं असेल. पण आवाज अगदी स्वच्छ होता. तीच अडचण होती.

"प्रत्येक जण दोन वाक्यं बोलतो आणि थांबतो," मॅडम म्हणाल्या. "मग म्हणतो, 'तुले तं माहीतच हाय.' आपण आरएसीला काय दाखवायचं? की तुला माहीत आहे?"

आरएसी म्हणजे संशोधन सल्लागार समिती. पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सहामाहीला तिच्यासमोर प्रेझेंटेशन द्यावं लागतं. समितीने 'असमाधानकारक' लिहिलं की फेलोशिप थांबते. माझी थांबली असती तर मी नागपूर सोडून घरी परतले असते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. परत गेलेली मुलगी पुन्हा शिकायला बाहेर पडते, असं आमच्याकडे अजून कुणी पाहिलेलं नाही.

माझा विषय फेनॉमेनॉलॉजी. तत्त्वज्ञानाची एक शाखा. मराठीत त्याला जड नावं आहेत, पण आमच्या विभागात ती कुणी वापरत नाही. एखादी गोष्ट माणसाला आतून कशी जाणवते, याचं बारीक वर्णन करायचं, एवढं त्याचं काम. पूर्वी हे पुस्तकं वाचून व्हायचं. हल्ली संशोधक रुग्णांशी, नर्सेसशी, घर सोडावं लागलेल्या माणसांशी बोलून करतात. मी तिसऱ्या गटात. उमरेडच्या पुढे कोळशाच्या खाणीत आमचं गाव गेलं. गावाचं नाव देत नाही, संशोधनाचा तसा नियम आहे. लोक आता नव्या वसाहतीत राहतात. तिला नाव आहे, पण सगळे 'पुनर्वसन' म्हणतात. "कुठं राहता?" "पुनर्वसनात." जमिनीच्या बदल्यात माझ्या बाबांना त्याच खाणीत नोकरी मिळाली आणि त्या पगारावर मी शिकले. बाबा लोकांना सांगतात, पोरगी घरावर पीएचडी करून राहिली. लोकांना वाटतं मी इंजिनीअर होणार. काही जणांनी बाबांकडे स्लॅबला ओल येते म्हणून चौकशीही केली आहे.

या पद्धतीत पहिली शिस्त ब्रॅकेटिंगची. आपल्याला आधीपासून जे माहीत आहे ते कंसात ठेवायचं. शाळेत गणितात कंस आधी सोडवतात. इथे तो न सोडवता बाजूला ठेवायचा आणि समोरचा माणूस सांगतो तेवढंच घ्यायचं. मी ठेवला होता. पण समोरचे लोक माझा कंस मानायला तयार नव्हते. ज्यांच्या अंगणात मी लहानपणी खेळले, त्यांना मी विचारत होते, "तुमचं घर कसं होतं?" त्यांना ते नाटक वाटत होतं. एका काकांनी तर आईकडे तक्रार केली, पोरगी शिकून विसराळू झाली म्हणून.

मॅडम कठोर नाहीत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलाखती दुसऱ्या कुणाला घ्यायला लावू का? त्या भागातल्या नसलेल्याला. वाईट वाटून घेऊ नकोस." मी म्हटलं, एक आठवडा द्या. द्यायचं कारण त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे नव्हतं.

ते उमरेडच्या एसटीत सापडलं. मी इंदूकाकूंची मुलाखत परत ऐकत होते. काकूंचं हे नाव बदललेलं आहे. त्या आमच्या गल्लीतल्या. रेकॉर्डिंगमध्ये त्या म्हणत होत्या, "दार असं. मंग असं वळलं का चूल. आन् तिकडून असं कोठ्यात." माझ्या टायपिंगमध्ये नुसते 'असं, असं' उतरले होते. त्या हातांनी सांगत होत्या आणि मी फक्त आवाज घेतला होता.

पुनर्वसनातल्या शाळेतून मी फक्कीची पिशवी मागून आणली. फक्की म्हणजे कबड्डीचं मैदान आखायची पांढरी पूड. समाजमंदिरामागे मोकळी जागा आहे. काकूंना म्हटलं, "बोलू नका. मले नुसतं घर आखून दाखवा."

"येवढ्या उन्हात?"

"संध्याकाळी या."

त्या आल्या, आणि बघायला आणखी चारजणी आल्या. काकूंनी पावलांनी माप घेत रेघा ओढल्या. पुढे सपरी, म्हणजे ओसरी. मग माजघर, सयपाकघर, बाजूला ढोरांचा कोठा. शेवटी एक मागची खोली. कुठे दार ते पायाने फक्की पुसून दाखवलं. मी म्हटलं, आता सकाळी उठल्यावर फिरायच्या तशा फिरा.

सपरीतून माजघरात जाताना काकू खाली वाकल्या. वर मोकळं आभाळ होतं.

बाया हसल्या. एक म्हणाली, "काहून वाकून राहिली वं? डोक्शावर काय हाय?"

"चौकट हाय नं," काकू सहज म्हणाल्या. मग स्वतःच वर पाहिलं. हसू थांबलं. त्या पुसलेल्या जागेत उभ्या राहून त्या माझ्याशी बोलू लागल्या, आणि पहिल्यांदाच 'तुले माहीत हाय' म्हणाल्या नाहीत. "तिथं घरात शिराचं म्हणजे वाकाच लागे. इथलं दार उच्चं हाय. उभ्यानं शिरते मी. पर शिरल्यासारखंच नाही वाटत. बाहेरचीच राहते."

मी याबद्दल वर्षभर वाचत होते. शरीर घर लक्षात ठेवतं, असं मी प्रपोजलमध्ये लिहिलंही होतं. ते लिहिताना मला काही झालं नव्हतं.

काकू चुलीपाशी बसल्या, उठल्या, कोठ्याकडे जाऊन आल्या. मग मागच्या खोलीच्या रेघेपाशी आल्या आणि थांबल्या. पदर सारखा केला. आत पाय टाकला नाही.

रेकॉर्डर चालू होता. मी हळूच विचारलं, "काकू, इथं?"

"ते राहू दे," त्या म्हणाल्या आणि वळून अंगणात आल्या. चारही बाया दुसरीकडे पाहत होत्या.

त्या खोलीत काय झालं ते मला माहीत आहे. गावात सगळ्यांना माहीत आहे. मी इथेही लिहिणार नाही.

आरएसीला मी फक्कीच्या घराचा नकाशा स्क्रीनवर दाखवला. वाकण्याचा प्रसंग सांगितला. बाहेरून आलेले तज्ज्ञ सर पुढे सरकून ऐकत होते. मग त्यांनी मागच्या खोलीवर बोट ठेवलं.

"इथे त्या गेल्या नाहीत. कारण?"

"त्यांनी सांगितलं नाही, सर."

"तुम्ही त्याच गावच्या. तुम्हाला माहीत असेल."

"आहे."

"मग लिहा. तुमच्या सगळ्या कामात सगळ्यात मोठी गोष्ट इथे आहे."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून काहीतरी लिहायला घेतलं. मला कळलं की हे उत्तर मलाच द्यायचं आहे. मी म्हटलं, "सर, ते माझ्या माहितीत आहे. त्यांच्या वर्णनात नाही. मी ते कंसात ठेवलंय."

"ब्रॅकेटिंग वर्णन स्वच्छ राहावं म्हणून असतं," सर म्हणाले. ते रागावले नव्हते. "लपवायला नसतं. तुम्हाला कारण माहीत आहे हे वाचकाला न सांगणं म्हणजे त्याची फसवणूक."

हे बरोबर होतं. मी म्हटलं, "मला कारण माहीत आहे, हे मी लिहीन. कारण लिहिणार नाही. काकूंनी घर मला दाखवलं. ती खोली नाही दाखवली."

"आणि आम्ही असमाधानकारक लिहिलं तर?"

"तर तसं लिहा, सर." हे मी धीटपणे म्हटलं असं वाटेल. तसं नव्हतं.

मला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने मॅडम कागद घेऊन आल्या. 'समाधानकारक' होतं. खाली शेरा होता: नमुना एकाच गावचा आहे, संशोधकाची ओळख नसलेल्या ठिकाणी मुलाखतींची आणखी एक फेरी घ्यावी. म्हणजे आणखी सहा महिन्यांचं काम. मॅडम म्हणाल्या, "सर जाताना म्हणत होते, मुलगी अडून बसते. मी म्हटलं, हो." एवढंच. कौतुक होतं का ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी कन्हानकडच्या अशाच एका वसाहतीत गेले. तिथे मला कुणी ओळखत नाही. लोक भरभरून बोलतात, न विचारलेलंही सांगतात. रेकॉर्डरची बॅटरी पुरत नाही. पण फक्कीने घर आखून द्या म्हटलं तर तिथे अजून कुणी तयार झालेलं नाही. अनोळखी मुलीसमोर कोण नसलेल्या दारातून वाकून जाईल?

प्रबंधातलं हे प्रकरण लिहून झाल्यावर मी ते इंदूकाकूंना वाचून दाखवलं. माणसाला त्याचं वर्णन वाचून दाखवायचं, ही आमच्या कामातली शेवटची पायरी. वाकण्याच्या जागी त्या म्हणाल्या, "बरोबर हाय." मग विचारलं, "मांगच्या खोलीचं काय लिवलं?"

"तुमी थांबल्या, येवढंच. आन् मले कारण माहीत हाय, पर सांगत नाही, असं."

त्यांनी ते वाक्य परत वाचायला लावलं. मी वाचलं. "हो," त्या म्हणाल्या. "थांबलीच होती मी." मग चहा ठेवायला उठल्या.

परवा मनीषनगरच्या डीटीपीवाल्याचा फोन आला. नकाशात सपरी, माजघर, सयपाकघर, कोठा अशी सगळी नावं आहेत, मागची खोली कोरी आहे. नाव टाकायचं राहिलं का, विचारत होता. मी म्हटलं, राहिलं नाही, तसंच छापा. तो म्हणाला, मॅडम, नंतर म्हणू नका सांगितलं नाही म्हणून.

विभागात नवीन येणाऱ्यांना मी सांगते की जमलं तर आपल्याच गावात फील्डवर्क करू नका. केलंच तर रेकॉर्डरसोबत फक्की घेऊन जा, आणि जितकं घर दाखवलं जाईल तितकंच आखा.