मार्टिनच्या झेंड्यावरचा झाडू

वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शिवणकाम करतात. आमच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन आहे, खिडकीशी कात्री टांगलेली आणि भिंतीवर संत मार्टिनची तसबीर: डोमिनिकन मठातला सावळा बंधू, हातात झाडू. मी तिच्यापुढे रोज मेणबत्ती लावते. वन्सं लावत नाहीत. त्याचं नि माझं एक काम राहिलंय, म्हणतात. ते काम काल झालं, म्हणून आज सगळं लिहून ठेवते.

वन्संच्या शाळेत मुलांचे चार गट होते, चार डोमिनिकन संतांच्या नावाचे. थॉमस विद्वान, अल्बर्ट शास्त्रज्ञ, व्हिन्सेंट वक्ता आणि चौथा मार्टिन, मठ झाडणारा, आजाऱ्यांची उस्तवार करणारा. झेंड्यांवर त्यांच्या खुणा: सूर्य, ग्रंथ, कर्णा, झाडू. हुशार मुलं थॉमसमध्ये आणि उरलीसुरली मार्टिनमध्ये, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

वार्षिक कवायतीला झेंडे उघडले की घडीत ठेवलेल्या पाकळ्या चौथऱ्यावर पडायच्या. वन्सं मार्टिनमध्ये. त्या बारा वर्षांच्या असताना थॉमसच्या कॅप्टनने त्यांच्या हातात खराटा दिला. तुमच्या संताचं काम तुम्हीच करा, म्हणाली. सगळ्या शाळेसमोर वन्संनी चौथरा झाडला. झाडून झाल्यावर कॅप्टनने बोट दाखवलं, "कोपरे राहिले." शाळा खो खो हसली. पुढे दहावीपर्यंत वन्संना कोणी नावाने हाक मारली नाही. कोपरे म्हणायचे.

ती कॅप्टन आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. शाळेला पन्नास वर्षं झाली, नवे झेंडे हवेत, म्हणून महिन्यापूर्वी ती आमच्याकडे आली. वन्संना तिने ओळखलं नाही. मापं सांगून झाल्यावर म्हणाली, मार्टिनचा तेवढा झाडू नको, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, त्या जागी लिलीचं फूल घाला. वन्संच्या ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली.

ती गेटबाहेर पडते न पडते तोच वन्सं झाडू शिवायला बसल्या. पक्का शिवला, दुहेरी दोऱ्याने, काडी न् काडी वेगळी. मग त्यावर लिलीचं फूल ठेवलं आणि एकाच लांब दोऱ्याने, गाठ न मारता, कच्चे टाके घातले. दोऱ्याचं टोक काठातून बाहेर काढलं. ते झेंडा उघडायच्या दोरीला बांधायचं होतं. म्हणजे दोरी ओढणाऱ्याच्याच हाताने फूल गळणार.

मलाही चेव आला. संत थॉमसला त्याच्या बरोबरीची मुलं मुका बैल म्हणायची, तर त्याच्या झेंड्यावर सूर्याखाली एक बैल शिवा, असं मी सुचवलं.

"बैलाने माझं काय वाकडं केलंय?" वन्सं म्हणाल्या.

मग मात्र मला देव आठवला. सूड माणसाने घेऊ नये, तो देवावर सोडावा, असं मी म्हणून पाहिलं.

"देवाला चाळीस वर्षं दिली की," वन्संनी दात लावून दोरा तोडला.

काल झेंडे बांधायला आम्ही दोघी गेलो. मठातले एक म्हातारे फादर पाहुणे होते. मुख्याध्यापिका बाई रेशमी साडीत. तीन झेंडे उघडले. चौथ्याची दोरी तिने झोकात ओढली. पाकळ्या पडल्या, पाठोपाठ लिली तिच्या पायाशी आली आणि वर झाडू फडफडायला लागला. वन्संनी माझा हात इतका आवळला होता की बांगडी रुतली.

आणि फादरांनी टाळ्या वाजवल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, किती सुंदर, फुलाआडून झाडू! कोणाची ही कल्पना?

बाईने एकदा वर पाहिलं, एकदा फादरांकडे. "माझीच, फादर."

वन्संचा हात सैल पडला. सगळं मुसळ केरात गेलं, असं मला वाटलं.

पण फादर खूश होऊन म्हणाले, आमच्या मठात मार्टिनच्या दिवशी थोरल्यानेच झाडायचं असतं, तेव्हा आजचा मान तुमचा. त्यांनी शिपायाला खराटा आणायला पाठवलं. आता नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? पदर खोचून ती पाकळ्या झाडू लागली. सगळी शाळा बघत होती. तिने खराटा ठेवला तशा वन्सं गर्दीतून चौथऱ्याशी गेल्या.

"कॅप्टन," त्या म्हणाल्या, "कोपरे राहिले."

तिने वळून पाहिलं. आधी कपाळाला आठी पडली, मग ओळख पटली. खराटा पुन्हा उचलून ती कोपऱ्याकडे वळली. चारही कोपरे होईपर्यंत वन्सं जागच्या हलल्या नाहीत.

घरी आल्यावर तसबिरीपुढे मेणबत्ती वन्संनी लावली. आज चर्चमध्ये जाऊन पापं कबूल करायचा माझा दिवस होता. गेले नाही. पश्चात्ताप झाल्याशिवाय जाऊन उपयोग नसतो, आणि तो अजून होत नाहीये.